एलईडी पट्टी शेवटाकडे मंद का पडते? बारा व्होल्टच्या वायरचा साधा हिशेब

नागपुरात बेसा, मनीषनगर, वर्धा रोडकडच्या नव्या फ्लॅटमध्ये आता फॉल्स सीलिंग ठरलेलंच असतं. छताच्या कडेच्या खाचेत एलईडीची पट्टी बसते. टीव्हीमागे, देवघरात, ओट्यावरच्या कपाटांखालीही बसते. दिवाळीच्या तोंडावर पीओपी बंद होतं, रंग होतो आणि पहिल्या संध्याकाळी दिवे लावले की दिसतं, दारापाशी उजेड पांढराशुभ्र आणि बाल्कनीकडे जाता जाता तोच मळकट. मग पट्टी बदलतात, तरी तेच. मग एसएमपीएस, म्हणजे पट्टीला वीज देणारी डबी बदलतात, तरी तेच. दोष बहुतेक वेळा या दोन्हींत नसतोच. तो असतो पीओपीच्या आत गाडल्या गेलेल्या वायरमध्ये, आणि तिथे आता हात पोहोचत नाही.

म्हणून हा हिशेब छत बंद होण्याआधी करायचा असतो. त्याला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा लागत नाही. गुणाकार-भागाकार येत असेल आणि घरात मोजपट्टी असेल तर काम भागतं. हा हिशेब घरमालकाने स्वतः समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. वायरमन चांगला असला तरी त्याच्या हातात त्या दिवशी जी गुंडाळी असते तीच वापरण्याचा मोह होतो, आणि पट्टीला किती वॅट लागतात हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

व्होल्ट कमी, मग वायर जाड का?

आधी तीन शब्द. व्होल्ट म्हणजे विजेला ढकलणारा दाब. अँपिअर म्हणजे वायरमधून प्रत्यक्ष वाहणारा प्रवाह, ज्याला आपण रोजच्या बोलण्यात करंट म्हणतो. या दोघांचा गुणाकार म्हणजे वॅट, दिव्याला मिळणारी एकूण शक्ती. घरातल्या २३० व्होल्टचे १२ किंवा २४ व्होल्ट करून देणारी डबी म्हणजे एसएमपीएस. कुणी तिला ड्रायव्हर म्हणतं, कुणी अडॅप्टर.

आता ६० वॅटची पट्टी घ्या. २३० व्होल्टच्या बाजूला तिला लागणारा करंट ६० भागिले २३०, म्हणजे पाव अँपिअरच्या जरासा वर. १२ व्होल्टच्या बाजूला ६० भागिले १२, म्हणजे ५ अँपिअर. दिवा तोच, उजेड तोच, पण वायरमधला करंट जवळपास वीसपट झाला.

सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. “बारा व्होल्टच तर आहे, झटकाही बसत नाही, कोणतीही बारीक वायर चालेल” हे ऐकायला पटतं, पण आहे उलटं. वायर किती जाड हवी हे व्होल्टवर ठरत नाही. ते करंटवर आणि अंतरावर ठरतं. व्होल्ट जितके कमी, तितका त्याच उजेडासाठी करंट जास्त, आणि वायर तितकी जाड.

शेवटच्या झाडाला पाणी का कमी पडतं?

काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेत ठिबक पाहिलं असेल तर हे लगेच लक्षात येईल. मोटरीजवळच्या झाडांना पाणी व्यवस्थित मिळतं आणि बांधाकडच्या शेवटच्या झाडाला कमी. मोटर ठीक असते, ड्रिपरही ठीक असतो. पाणी लांबवर, अरुंद नळीतून जाताना घासतं आणि वाटेत दाब गमावतं. नळी जितकी लांब, जितकी अरुंद आणि तिच्यातून पाणी जितकं जास्त न्यायचं, तितका शेवटचा दाब कमी.

वायरमध्येही असाच दाब खर्च होतो. तांबं वीज चांगली वाहून नेतं, पण अगदी फुकट नेत नाही. प्रत्येक मीटरला तिचा थोडा रोध असतो, तो ओहममध्ये मोजतात. वाटेत खर्च झालेल्या व्होल्टला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. मी पुढे नुसतं ‘घट’ म्हणेन.

घट काढायचं सूत्र एवढंच:

घट = २ × अंतर (मीटर) × करंट (अँपिअर) × वायरचा एका मीटरचा रोध (ओहम)

सुरुवातीचा २ विसरू नका. वीज प्लसच्या तारेने जाते आणि मायनसच्या तारेने परत येते. अंतर ८ मीटर असेल तर तांबं १६ मीटर मोजायचं.

बारीक तारांच्या मऊ तांब्याच्या वायरचा रोध, २० अंश सेल्सिअसला, मीटरमागे जास्तीत जास्त इतका असतो (स्क्वेअर एमएम म्हणजे तांब्याच्या कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ, आकडा मोठा तर वायर जाड):

०.५ स्क्वेअर एमएम: ०.०३९ ओहम
०.७५ स्क्वेअर एमएम: ०.०२६ ओहम
१ स्क्वेअर एमएम: ०.०१९५ ओहम
१.५ स्क्वेअर एमएम: ०.०१३३ ओहम
२.५ स्क्वेअर एमएम: ०.००८ ओहम
४ स्क्वेअर एमएम: ०.००५ ओहम

एका हॉलचा हिशेब

हॉलमध्ये ५ मीटर पट्टी आहे, मीटरला ९.६ वॅटची. म्हणजे ४८ वॅट, १२ व्होल्टला ४ अँपिअर. एसएमपीएस मुख्य दारावरच्या लॉफ्टमध्ये आणि पट्टी सुरू होते तिथपर्यंत वायरचं अंतर ८ मीटर. अंतर म्हणजे सरळ रेषा नव्हे हं. वायर भिंतीवरून चढते, कोपऱ्याला वळसा घालते, ते सगळं धरायचं.

०.७५ ची वायर टाकली तर घट २ × ८ × ४ × ०.०२६, म्हणजे १.६६ व्होल्ट. पट्टीच्या तोंडाशी उरले १०.३. एक स्क्वेअर एमएमला घट १.२५ व्होल्ट. दीडला ०.८५. अडीचला ०.५१. चारला ०.३२.

प्रत्यक्षात घट यापेक्षा किंचित कमी भरते, कारण व्होल्ट घसरले की पट्टी करंटही कमी ओढते. पण हिशेब पूर्ण करंटवरच करावा.

किती घट चालते? १२ व्होल्टला ३ टक्के, म्हणजे ०.३६ व्होल्टच्या आसपास ठेवली तर डोळ्यांना काही कळत नाही. ५ टक्के, म्हणजे ०.६ व्होल्ट, कपाटाखालच्या किंवा जिन्यातल्या दिव्याला चालून जातात. त्यापुढे जाऊ नये. वरच्या हॉलमध्ये तीन टक्क्यांत राहायचं तर थेट चार स्क्वेअर एमएम लागते. एवढी जाड वायर घरात गिझर आणि एसीला टाकतात, आणि इथे ती एका पट्टीसाठी! हे विचित्र वाटतं, आणि वाटायलाच हवं. वायर जाड करत जाणं हा इथे शहाणा उपाय नाही हेच हा आकडा सांगतो.

चोवीस व्होल्ट घ्या

तीच ४८ वॅटची पट्टी २४ व्होल्टची घेतली तर करंट २ अँपिअरवर येतो. एक स्क्वेअर एमएमच्या वायरला घट होते ०.६२ व्होल्ट, आणि २४ च्या मानाने ती २.६ टक्के. जे काम १२ व्होल्टला चारची वायर करत होती ते एकच्या वायरने झालं. व्होल्ट दुप्पट केले की करंट निम्मा होतो, त्यामुळे घट निम्मी. आणि ती घट मोजायची दुप्पट व्होल्टच्या तुलनेत, म्हणून टक्केवारी एकदम चौथाईवर.

घराचं नवं काम असेल आणि एकूण पट्टी पाच मीटरपेक्षा जास्त असेल, तर १२ व्होल्टची पट्टी घेण्याचं कारण मला दिसत नाही. गाडीत, बॅटरीवर किंवा जुन्या एसएमपीएसवर चालवायची असेल तर गोष्ट वेगळी. बाकी ठिकाणी २४ मागा. दुकानात १२ ची पट्टी पुढे येते कारण तिची उचल जास्त आहे. मागितली तर २४ ची मिळते.

एका व्होल्टने एवढा फरक का पडतो?

“बारातला एक गेला तर आठ टक्के उजेड जाईल, त्यात काय?” ही शंका रास्त आहे. पण एलईडीचं गणित तसं सरळ नाही.

बारा व्होल्टच्या पट्टीवर कात्रीची खूण साधारण प्रत्येक तीन एलईडीमागे असते. ते तीन एलईडी एकापाठोपाठ जोडलेले असतात आणि सोबत एक चिमुकला रेझिस्टर, म्हणजे करंटला लगाम घालणारा काळा तुकडा. पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण ३.१ व्होल्ट लागतात. तिघांचे झाले ९.३. बारातून ते वजा केले की रेझिस्टरवर २.७ उरतात, आणि पट्टीचा करंट या उरलेल्या २.७ वरच ठरतो.

आता वायरने एक व्होल्ट खाल्ला. ११ मधून ९.३ गेले, उरले १.७. म्हणजे करंट २.७ वरून १.७ च्या प्रमाणात खाली आला, एक तृतीयांशाहून जास्त घसरला. करंट कमी झाला की एलईडी स्वतःही थोडे कमी व्होल्ट घेतो, त्यामुळे प्रत्यक्षात घसरण थोडी सौम्य असते. तरी ती आठ टक्क्यांच्या कितीतरी पुढे जाते. २४ व्होल्टच्या पट्टीत सहसा सहा एलईडी ओळीत असतात आणि रेझिस्टरवर ५.४ उरतात. तिथे एक व्होल्ट गेला तर फटका जवळपास निम्मा.

रंगीत पट्टीत हाच प्रकार डोळ्यांना वेगळाच दिसतो. पांढरा रंग लावला की सुरुवातीला पांढरा आणि शेवटाला तांबूस. लाल एलईडीला साधारण दोनच व्होल्ट पुरतात, त्यामुळे त्याच्याकडे व्होल्ट शिल्लक भरपूर आणि घट सोसायची ताकदही भरपूर. निळ्या-हिरव्याला तीनच्या वर लागतात, ते आधी मान टाकतात. पट्टी खराब म्हणून परत करायला निघाला असाल तर आधी तीच पट्टी एसएमपीएसला अगदी जवळून जोडून बघा. तिथे शेवटही पांढरा दिसला तर पट्टी निर्दोष आहे.

पट्टीच्या आतलं तांबंही मोजा

समजा पट्टीच्या तोंडापर्यंत जाड वायर नेली. तरी शेवटाला मंद दिसू शकतं. कारण पट्टी ही स्वतःच एक वायर आहे. तिच्या आत तांब्याचा पातळ पत्रा असतो, आणि पुढच्या सगळ्या एलईडींचा करंट त्यातूनच जातो. ठिबकमध्ये मुख्य पाईप जाड टाकला तरी प्रत्येक ओळीतली बारीक नळी तेवढीच राहते, तसं. म्हणूनच १२ व्होल्टची गुंडाळी ५ मीटरचीच मिळते आणि एका टोकाने त्यापेक्षा लांब चालवू नये असं म्हणतात.

सगळ्यात वाईट जोडणी म्हणजे पहिल्या गुंडाळीच्या शेवटाला दुसरी गुंडाळी. दुसरीचा सगळा करंट पहिलीच्या पातळ पत्र्यातून जातो. पहिली तापते आणि दुसरी मंद होते. प्रत्येक गुंडाळीला एसएमपीएसपासून स्वतंत्र वायर न्या.

त्याहून चांगला उपाय बागवाल्यांना माहीत असतो. पाणी ओळीच्या एका टोकाला सोडू नका, मधोमध सोडा. पट्टीला मधोमध वायर दिली की प्रत्येक बाजूला लांबी निम्मी आणि करंटही निम्मा, म्हणून पट्टीच्या आतली घट चौथाईवर येते. दोन्ही टोकांना वायर दिली तरी तोच फायदा. खोलीच्या चारी कडांनी फिरणाऱ्या पट्टीत हे सहज जमतं. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, आणि दोन्ही वायर एकाच एसएमपीएसच्या. याला जास्तीची थोडी वायर आणि सोल्डरचे दोन डाग एवढाच खर्च.

एसएमपीएसची जागा हा आणखी एक स्वस्त उपाय. २३० च्या बाजूला करंट पाव अँपिअरच असतो, तिथे अंतराने काही बिघडत नाही. मग लांबचा प्रवास २३० ला करू द्या आणि १२ किंवा २४ चा प्रवास एक-दोन मीटरवर आणा. फक्त दोन अटी. २३० ची वायर पाईपमधूनच, अर्थिंगसह आणि परवानाधारक वायरमनकडूनच. आणि एसएमपीएसच्या जागी छताला उघडणारं झाकण हवं. ही डबी कधी ना कधी बदलावी लागते, तेव्हा पीओपी फोडायची वेळ येऊ नये.

दुकानात काय मागायचं?

बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात काउंटरवर “दीड एमएम द्या” म्हटलं की बरोबर वायर मिळते. पण दीड एमएम ही तारेची जाडी नव्हे. ते तांब्याच्या कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ, दीड स्क्वेअर मिलिमीटर. मोजपट्टी लावून ते सापडणार नाही.

परदेशी पाकिटांवर आणि इंटरनेटवरच्या तक्त्यांत मात्र एडब्ल्यूजी हे अमेरिकी माप असतं, आणि ते उलटं चालतं, नंबर मोठा तर वायर बारीक. १८ नंबर म्हणजे ०.८२ स्क्वेअर एमएम, १६ म्हणजे १.३, १४ म्हणजे २.१, १२ म्हणजे ३.३. तीन नंबर खाली आलं की तांबं दुप्पट होतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. जुन्या ब्रिटिश मापाचा १८ नंबर वेगळा आहे, तो १.१७ स्क्वेअर एमएमचा. म्हणून दुकानात नुसतं “१८ नंबर” म्हणू नका.

दोन पदरी पिळाची मऊ वायर अजूनही २३/७६, ४०/७६ अशा नावाने मिळते. २३/७६ म्हणजे २३ बारीक तारा, प्रत्येकीचा व्यास ०.००७६ इंच. सगळ्यांचं क्षेत्रफळ मिळून ०.६७ स्क्वेअर एमएम. ४०/७६ भरते १.१७ आणि १४/७६ फक्त ०.४१. टोक सोलून तारा पसरवा आणि मोजा. २३ च्या जागी १६-१७ निघाल्या तर तुमचा सगळा हिशेब तिथेच बिघडला.

दुसरी खोट यापेक्षा लबाड आहे. कॉपर कोटेड वायरमध्ये आत ॲल्युमिनियम असतं आणि वरून तांब्याचा मुलामा. दिसायला लालसर, किमतीला निम्मी, आणि रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. अशी दीडची वायर तांब्याच्या एकच्या वायरइतकंही काम करत नाही. एक तार नखावर धरून ब्लेडने खरवडा. आतून चांदीसारखी पांढरी निघाली तर ती गुंडाळी काउंटरवर परत ठेवा. कल्हई केलेली अस्सल तांब्याची तार याच्या उलट असते, वरून पांढरी आणि खरवडल्यावर लाल. गुंडाळी हातात घेतली तरी फरक कळतो, ॲल्युमिनियमवाली चटकन हलकी लागते.

“पण ही वायर दहा अँपिअरची आहे!”

हा आक्षेप वायरमनकडून हमखास येतो, आणि तो खोटा नाही. एक स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर दहा अँपिअर झेलते. पण तो आकडा वायर किती तापेल याचा आहे. किती व्होल्ट खाईल हे तो सांगत नाही. २३० व्होल्टमध्ये सव्वा व्होल्ट गेला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. बारात गेला तर हॉलभर दिसतं. घरच्या वायरिंगमध्ये वर्षानुवर्षं फक्त तापण्याचा विचार पुरला, म्हणून हातांना तीच सवय आहे. कमी व्होल्टला दोन्ही तपासा, आणि जी वायर जाड निघेल ती घ्या.

एसएमपीएसचा स्क्रू फिरवून व्होल्ट वाढवले तर?

जाळीच्या पत्र्याच्या एसएमपीएसवर टर्मिनलच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की १२ चे १३ होतात. एकच पट्टी असेल, ती नेहमी पूर्ण उजेडावरच चालत असेल आणि पट्टीच्या तोंडाशी मल्टीमीटरने बरोबर १२ मोजले असतील, तर हे चालतं. पण त्याच एसएमपीएसवर जवळची दुसरी पट्टी असेल तर तिला १३ मिळतील. वरचंच गणित उलटं लावा. रेझिस्टरवर २.७ च्या जागी ३.७ येतात, करंट तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढतो आणि ती पट्टी तापून लवकर पिवळी पडते. मी हा उपाय छत बंद झालेल्या घरापुरताच ठेवेन.

बारा व्होल्टने आग कशी लागेल?

या लेखातला हा भाग कृपया वगळू नका. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं. पण आग व्होल्टने लागत नाही, ती तापलेल्या तारेने लागते आणि तार करंटने तापते.

समजा ३६० वॅटचा, म्हणजे ३० अँपिअर देणारा एसएमपीएस आहे. त्याच्यापासून ८ मीटरवर ०.७५ ची वायर गेली आहे आणि शेवटाला, पट्टीच्या जोडापाशी प्लस-मायनस एकमेकांना चिकटले. एसएमपीएस लगेच बंद होईल असं सगळे धरून चालतात. हिशेब करा. वायरचा रोध २ × ८ × ०.०२६, म्हणजे ०.४२ ओहम. १२ भागिले ०.४२, म्हणजे साधारण २९ अँपिअर. एसएमपीएसच्या मते हा त्याचा नेहमीचा लोड आहे, तो शांतपणे देत राहतो. तिकडे छतातल्या त्या बारीक वायरमध्ये जवळपास ३५० वॅटची उष्णता तयार होते आहे, आजूबाजूला प्लायवूड आहे आणि वारा लागायला जागा नाही.

उपाय काही रुपयांचा आहे. एसएमपीएसमधून निघणाऱ्या प्रत्येक शाखेच्या प्लसला, निघतानाच, फ्यूज. दुचाकी-चारचाकीत असतो तो पात्यांचा फ्यूज होल्डरसह कुठेही मिळतो. तो पट्टीच्या करंटपेक्षा थोडा जास्त आणि वायरच्या क्षमतेपेक्षा कमी असावा. ४ अँपिअरच्या पट्टीला ५ चा फ्यूज आणि किमान १ ची वायर. एक मोठा एसएमपीएस घेण्यापेक्षा प्रत्येक खोलीला छोटा एसएमपीएस घेतला तर हा धोका मुळातच कमी होतो.

बॅटरीवर हे आणखी कडक पाळा. पोद्दारेश्वर राम मंदिरातून निघणाऱ्या रामनवमीच्या शोभायात्रेतले चित्ररथ असोत की मोहल्ल्यातल्या गणपतीची मिरवणूक, ज्या वाहनावर १२ व्होल्टची बॅटरी आणि एलईडी आहे तिथे शॉर्ट झाला तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. तिला थांबायला सांगणारं कुणीच नसतं. वर कापड आणि थर्माकोल. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनललगतच हवा, वायरच्या मध्ये कुठेतरी नव्हे.

नागपूरचा मे महिना हिशेबात धरा

वरचे रोधाचे आकडे २० अंशांचे आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. वरच्या मजल्यावर गच्चीचा स्लॅब आणि फॉल्स सीलिंग यांच्या मधली हवा त्याहून तापते. कूलरचा गारवा तिथपर्यंत पोहोचत नाही. तांब्याचा रोध एका अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. वायर ६० अंशांवर गेली तर रोध जवळपास १६ टक्क्यांनी जास्त. ०.३६ ची घट ०.४२ होते, त्याने फार काही बिघडत नाही.

बिघडतं ते दुसरीकडे. साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा ७० अंशांची असते. बाहेरच ५०-५५ असेल तर तिला तापायला जागाच उरत नाही, आणि दहा अँपिअरची वायर दहाची राहत नाही. एसएमपीएसचंही तसंच. त्याच्यावर छापलेले वॅट ठरावीक तापमानापर्यंतचे असतात, त्यापुढे क्षमता उतरते. गच्चीखालच्या छतात एसएमपीएस ठेवायचा असेल तर लोडपेक्षा ३० टक्के मोठा घ्या, आणि जमल्यास तो छताऐवजी कपाटावर, हवेशीर ठेवा. वायर हिशेबापेक्षा एक पायरी जाड घ्या. छत पुन्हा उघडण्यापुढे हा फरक काहीच नाही.

हे सगळ्याच एलईडींना लागू आहे का?

नाही. छतात बसणारे गोल डाउनलाइट बहुतेक स्वतःच्या ड्रायव्हरसह येतात. तो ड्रायव्हर करंट कायम ठेवतो आणि वायरने थोडे व्होल्ट खाल्ले तर तेवढे वाढवून देतो. ठिबकमध्ये दाब सांभाळणारे ड्रिपर मिळतात, तोच प्रकार. थेट २३० वर चालणाऱ्या रोप लाइटलाही हा त्रास नाही, पण ती हाताला लागेल अशा ठिकाणी लावू नये.

याउलट, दुकानाच्या पाटीवर आणि गणेश मंडळांच्या सजावटीत धावणारे रंग दाखवणारी पिक्सेल पट्टी बऱ्याचदा ५ व्होल्टची असते. मीटरला ६० एलईडीची अशी पट्टी पूर्ण पांढऱ्या रंगावर मीटरमागे साडेतीन अँपिअरपर्यंत ओढते, आणि ५ व्होल्टचे ३ टक्के म्हणजे फक्त ०.१५ व्होल्ट. तिथे जाड वायरनेही भागत नाही. दर मीटर-दोन मीटरवर पुन्हा वीज द्यावीच लागते.

जोड आणि शेवटची तपासणी

चांगल्या वायरवर पाणी फिरवणारी गोष्ट म्हणजे जोड. तारा पिळून वर टेप गुंडाळली की वर्षभरात उन्हाने टेपचा गोंद सुटतो, तार काळी पडते, जोड सैल होतो आणि एकटा जोड अर्धा व्होल्ट खातो. पट्टीला डाग द्या. वायरला वायर जोडायची तर स्क्रूचा कनेक्टर किंवा दाबून बसवायची लग वापरा. पट्टीसोबत येणारी वीतभर लाल-काळी वायर बारीक असते, पण तेवढ्या लांबीला चालते. तीच वायर आणून मीटरभर लांबवू नका.

पीओपीवाला यायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या पट्ट्या पूर्ण उजेडावर अर्धा तास चालू ठेवा. मग मल्टीमीटर डीसी व्होल्टवर घेऊन आधी एसएमपीएसच्या टर्मिनलवर मोजा आणि नंतर पट्टीच्या अगदी शेवटच्या कात्रीच्या खुणेवरच्या तांब्याच्या ठिपक्यांवर. चोवीसला दोन्हींतला फरक एक-सव्वा व्होल्टच्या आत आणि बाराला अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या आत हवा. जास्त निघाला तर आधी पट्टीच्या तोंडाशी मोजा. घट तिथेच दिसली तर वायर बदला, पुढे दिसली तर पट्टीला मधून वीज द्या. प्रत्येक जोडावर हात ठेवून बघा, गरम लागला तर तो उघडून पुन्हा करा. आणि छत बंद होण्याआधी प्रत्येक खोलीचा एक फोटो काढून ठेवा. पुढे पंखा हलवायला किंवा पडद्याचा रॉड लावायला ड्रिल मारताना वायर कुठून गेली आहे ते त्यात दिसेल.